उंदीरही फुकट, माणसेही फुकट!

सर्पदंशावरच्या सिरमची एक खेप बाजारात जायची, तर आधी पांढऱ्या उंदरांची एक पलटण मारावी लागते. अठरा ते वीस ग्रॅमचा एकेक जीव. निम्मे उंदीर मारायला जेवढे विष पुरते, त्याच्या साधारण पाचपट विष घ्यायचे, त्यात सिरम कमीजास्त प्रमाणात मिसळायचे, ३७ अंशांच्या उबेत अर्धा तास ठेवायचे, शेपटीच्या शिरेतून टोचायचे आणि वाट पाहत बसायचे. चोवीस तासांनी मोजदाद: मेले किती, जगले किती. ज्या प्रमाणाला निम्मे जगले ते वहीत लिहायचे. झाली औषधाची परीक्षा! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे अशी चार विषे. प्रत्येकाची पाच प्रमाणे धरा, प्रत्येक प्रमाणाला पाच उंदीर धरा. एका वेळच्या तपासणीला शंभर झाले. पुढची खेप आली की पुन्हा शंभर.

हे उंदीर मरतात कसे, ते कुपीवरच्या चिठ्ठीत छापलेले नसते. ते आम्ही छापतो. नागाचे आणि मण्यारचे विष श्वासाचे स्नायू लुळे पाडते; जनावर शुद्धीवर असते आणि छाती हलत नाही. घोणशीचे आणि फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती खाऊन टाकते. आतल्या आत रक्त झिरपत राहते. ज्याचे मरण दोन तासांत ठरले आहे त्याचेही, आणि ज्याचे वीस तासांत ठरले आहे त्याचेही, ते मरण पूर्ण होईपर्यंत थांबायचे, कारण परीक्षेचा निकालच मरण हा आहे! निम्मी जनावरे मारणाऱ्या मात्रेची ही कल्पना ट्रेवन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ साली मांडली. तिला आता शंभर वर्षे होत आली. एवढ्या काळात साम्राज्ये बुडाली, देवी रोग नाहीसा झाला, माणूस चंद्रावर जाऊन आला. पिंजऱ्यापुढे वही घेऊन बसलेला आमचा कारभार जागचा हललेला नाही.

‘माणसे मरताहेत आणि तुम्ही उंदरांसाठी आसवे गाळता?’ हा प्रश्न आमच्या कानी येण्याआधीच आम्ही त्याचा समाचार घेतो. होय, माणसे मरताहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्यू-अभ्यासाने हिशेब मांडला: २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. एवढे उंदीर मारून, एवढे घोडे टोचून, एवढी सिरमे भरून माणसे का मरतात, हाच आमचा सवाल आहे! कारण उंदराच्या वेदनेकडे ज्या डोळ्यांनी काणाडोळा केला, त्याच डोळ्यांनी नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडेही केला. दोन्ही पापांचा धनी एकच आहे.

विष कुठून येते ते पाहा. देशातल्या सिरम-उत्पादकांना लागणारे बहुतांश विष तमिळनाडूत चेन्नईजवळ वडनेम्मेली इथल्या इरुळा सर्पपकड सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली उभी राहिलेली ही आदिवासींची संस्था. साप पकडायचा, विष काढायचे आणि त्याला पुन्हा रानात सोडायचे, असे तिचे काम. तिच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच मिळाली. इरुळांच्या कसबापुढे आमचे हात जोडलेले आहेत. दोष त्यांचा नाही. दोष आहे तो सगळा देश एकाच संस्थेच्या खांद्यावर टाकून निर्धास्त झोपलेल्या सरकारचा. हेच विष घोड्याला टोचायचे, त्यातून सिरम काढायचे आणि बहुतांशी तिकडच्याच विषावर उंदराकरवी त्या सिरमची परीक्षा घ्यायची. विषाची घडण मुलखागणिक पालटते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षे शोधनिबंधांतून ओरडून सांगत आहेत. २०१९ मध्ये त्यांनी ‘चार प्रमुख’ सापांच्या पलीकडच्या जातींची विषे तपासली. २०२१ मध्ये घोणशीच्या विषातला प्रादेशिक फरक दाखवला. बाजारातले सिरम काही मुलखांतल्या विषापुढे तोकडे पडते, हे त्यांनी कागदावर मांडले. त्या मुलखांतला माणूस औषध घेऊनही मरणाच्या दारात बसलेला असतो, असा त्याचा सरळ अर्थ.

आणि महाराष्ट्राचे काय? सिंध मण्यार नावाची वेगळी मण्यार आपल्या राज्यात चावते, रुग्ण मरणपंथाला लागतो, हृदयावरही परिणाम होतो, याची नोंद पुण्याच्या डॉक्टरांनी आणि अशोक कॅप्टनसारख्या सर्पतज्ज्ञांनी २०१२ सालीच प्रसिद्ध केली. तिचे विष सिरमच्या त्या चार विषांत नाही. तेव्हा इथल्या आरोग्य केंद्रातल्या कुपीवर ‘चाचणीत उत्तीर्ण’ असा जो शिक्का असतो, तो हजारभर किलोमीटरवरच्या सापाचा शिक्का आहे. शंभरातले कितीतरी उंदीर तडफडून मेले, आणि त्यांच्या मरणाने जे सिद्ध झाले ते अकोल्याच्या घोणशीला लागू आहे की नाही, हे कोणी तपासलेच नाही! अशा मरणाला शास्त्र म्हणणाऱ्याची आम्हाला कीव येते.

आता या जिल्ह्यात या. नाव बदलले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाटचारीला रात्री पाणी आणि पंपाला रात्री वीज, हे मात्र होते तसेच आहे. राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगावच्या उसात मध्यरात्री दारे धरायला बॅटरी घेऊन कोण उतरते? पाचटात पाय घालून कोण चालते? पाथर्डी-शेवगाव-जामखेडहून बैलगाडीवर संसार लादून निघालेली ऊसतोड जोडपी कोपीत जमिनीवर लेकरे निजवतात. मण्यार रात्रीच फिरते, निजलेल्यालाच चावते आणि तिचा दंश बहुधा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तोवर घरचे ‘बाधा झाली’ म्हणून अंगारा शोधत असतात. भंडारदऱ्याच्या अंगाला भात लावणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर बायाबापड्यांना पान लागले, तर डोंगर उतरून दवाखाना गाठेपर्यंत किती वेळ जातो, हे मंत्रालयातल्या नकाशावर दिसत नाही. या माणसांच्या नशिबी जी कुपी येते तिचा हिशेब ऐका. दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे सहा मिलिग्रॅम विष निकामी करते, असे औषधसंहितेचे माप आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे राष्ट्रीय उपचार-पद्धती सांगते. म्हणून सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी. ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये चार कुप्या असतील, तर उरलेल्या कुप्यांची वाट पाहायची की ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी लिहायची? शिवाय कुपीतले माप उंदरावर काढलेले, तेही परक्या विषाचे. इथल्या घोणशीला ते कमी पडले तर आणखी दहा. मग मूत्रपिंड निकामी, डायलिसिस, लोणी किंवा पुण्याची वारी, आणि शेवटी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेच्या दोन लाखांसाठी विधवेने सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा दाखला गोळा करत तालुक्याच्या पायऱ्या झिजवायच्या!

उंदराला कमी छळणारी परीक्षा पैशाअभावी अडलेली नाही, विज्ञानाअभावीही नाही. मग अडले कशावाचून? जागतिक आरोग्य संघटनेने सर्पविषावरील सिरमच्या उत्पादनाची आणि नियंत्रणाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली काढली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांत स्पष्ट लिहिले आहे: चाचणीच्या उंदराला वेदनाशामक द्या, मरणाच्या आधीचा टप्पा ओळखून त्याची सुटका करा, उंदीर कमीत कमी वापरा आणि जिथे काचेच्या नळीत भागते तिथे जनावर आणूच नका. ‘मॉर्फिन दिले की निकाल बिघडतो’, ही सबब कोस्टा रिकातल्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेने निकालात काढली. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये त्यांच्या मुलखातल्या एका विषारी सापाच्या विषावर मॉर्फिन आणि ट्रामाडोल देऊन चाचणी केली. सिरमची ताकद जी यायची तीच आली. २०२१ मध्ये त्यांनी चोवीस तासांऐवजी सहा तासांचा निकाल घेऊन पाहिला. एवढासा देश! महाराष्ट्राच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी त्याची लोकसंख्या. त्यांना जमते ते आम्हाला का जमू नये?

अंड्याचीही कथा आहे. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत पॉला सेल्स यांनी १९९८ साली कोंबडीच्या फलित अंड्यावर विषाची मारकता मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. अंड्यातल्या गर्भात वेदनेची जाणीव जागी होण्याच्या आधीचा तो टप्पा. ही रीत नाग-मण्यारसाठी चालत नाही, हे खरे; घोणस-फुरशाच्या विषाला ती चालते. म्हणजे चारपैकी दोन विषांपुरती तरी वाट १९९८ सालीच मोकळी झाली होती. आणि अंडेही लांब राहिले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय चालते ते बघा. सर्पदंशाचा रुग्ण आला की परिचारिका दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेते, वीस मिनिटे हात न लावता ठेवते आणि मग नळी आडवी करून पाहते. रक्त गोठले नसेल तर विष चढले, सिरम सुरू करा. सबंध देशाचा उपचार ज्या काचेच्या नळीवर विसंबून आहे, तिच्याच तत्त्वावर प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तद्रवात विष आणि सिरम मिसळून ते गोठते की नाही हे मोजता येते; घोणशीच्या विषाची ओळखच ती आहे. खेड्यातल्या परिचारिकेला ज्या नळीवर विश्वास ठेवायला सांगता, त्या नळीवर कारखान्यातल्या साहेबाचा विश्वास का बसत नाही?

याहून मोठी चपराक पुढे आहे. बोटॉक्स! श्रीमंतांच्या कपाळावरच्या सुरकुत्या घालवणारे ते औषध. तेही मुळात मज्जातंतूंचे विष, त्याचीही प्रत्येक खेप उंदीर मारूनच तपासली जाई. लोकांनी गदारोळ केला, कंपनीने पैसा ओतला आणि २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेशींवरच्या चाचणीला मान्यता दिली. त्या कंपनीची उंदरांची रांग आटू लागली. साधी रसायने तपासण्याची जुनी निम्म्या-मरणाची चाचणी आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या देशांनी २००२ मध्येच आपल्या नियमावलीतून काढून टाकली. सुरकुतीसाठी विज्ञान धावले. उसात पान लागलेल्याच्या औषधासाठी विज्ञानाला गाडीभाडेही कोणी दिले नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत का? भरपूर आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती. तिचे १९९८ चे नियम. या समितीचे इंग्रजी नाव अलीकडे बदलले. नावे बदलण्यात आपली सरकारे किती तरबेज आहेत, हे नगरकरांना निराळे सांगायला नको! मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी पेशी, कृत्रिम अवयव, संगणक यांवरच्या चाचण्यांना केंद्राने दार उघडले. दार उघडले, पण आत कोणी गेले का? सिरमच्या प्रत्येक खेपेची परीक्षा आजही पिंजऱ्यातच होते.

घोड्यांची बाजू तर आणखी काळी. प्रयोग-देखरेख समिती आणि प्राणी कल्याण मंडळ यांच्या अधिकाराने २०१५ मध्ये देशातल्या सिरम-तबेल्यांची पाहणी झाली. पंडुरोगाने खंगलेली, सुजल्या पायांची, खुरे सडलेली, डोळे गेलेली घोडी-खेचरे त्या निरीक्षकांनी आपल्या अहवालांत नोंदवली. रक्तद्रव काढून घेऊन तांबड्या पेशी घोड्याच्या अंगात परत सोडण्याची पद्धत जगाला ठाऊक आहे, जागतिक आरोग्य संघटना ती वापरा म्हणून सांगते. तिला यंत्र लागते, माणूस लागतो, खर्च लागतो. आणि सरकारी निविदेत सगळ्यात स्वस्त बोलीच जिंकते! जो तबेला घोड्याला चारा कमी घालील त्याची कुपी स्वस्त पडणार, जो प्रयोगशाळेत मॉर्फिनचा खर्च वाचवील त्याची आणखी स्वस्त. क्रौर्याला बक्षीस देणारी ही निविदा लिहितो कोण? मुंबईत बसलेला शासनाचा आरोग्य विभाग. त्याने ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणू नये.

आणि या राज्याला हे करता आले नसते असे कोण म्हणतो? १० ऑगस्ट १८९९ रोजी परळला प्लेग संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. १९२५ पासून तिला हाफकिनचे नाव आहे. कलमेट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ साली नागविषावरचे पहिले सिरम जगाला दाखवल्यानंतर ती विद्या ज्या थोड्या संस्थांनी भारतात रुजवली, त्यांत परळचे नाव आहे. हाफकिनचे औषधनिर्माण महामंडळ सरकारी मालकीचे, त्याचे घोडे पिंपरीत. म्हणजे महाराष्ट्राच्या हाती स्वतःचा तबेला आहे, स्वतःची प्रयोगशाळा आहे, शतकाचा वारसा आहे. त्याचे राज्यकर्त्यांनी काय केले? २०१७ मध्ये सगळ्या राज्याच्या औषधखरेदीचे बाड या महामंडळाच्या डोक्यावर आणून टाकले. संशोधकांच्या संस्थेला खरेदीचा कारकून बनवले! सहा वर्षे रुग्णालये औषधांसाठी टाहो फोडत राहिली आणि २०२३ मध्ये वेगळे खरेदी प्राधिकरण काढून सरकार मोकळे झाले. त्या सहा वर्षांत महाराष्ट्राच्या घोणशीचे विष, महाराष्ट्राच्या फुरशाचे विष, त्यावर तपासलेले सिरम, उंदराला न छळणारी परीक्षा, असा एखादा प्रकल्प परळला उभा राहिला असता. पण फायलींवर सही करणाऱ्यांना विष दिसते ते विरोधकांच्या भाषणातच.

शेजारी जुन्नर तालुक्यात नारायणगावला पाहा. आमच्या पारनेर-संगमनेरच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्यातल्या त्या गावात सिरमचा कारखानाही आहे, आणि ‘सर्पदंशाने एकही मृत्यू नको’ असा ध्यास घेऊन रुग्ण वाचवणारे डॉ. सदानंद राऊतही तिथेच आहेत. नगरच्या खेड्यांतून तिकडे रुग्ण जातात. औषध दाराशी बनते, डॉक्टर दाराशी आहे, साप तर घरातच आहे. नेमके विष तेवढे चेन्नईहून यायचे! जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात सर्पमित्र आहेत, रोज फोन येतो, रोज नाग-घोणस पकडून रानात सोडतात. वन विभागाच्या परवानगीने, डॉक्टरांच्या आणि प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली, या सापांच्या विषाचा नमुना घेऊन मग त्यांना सोडणारे केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात किंवा पिंपरीत उभारायला १९७२ चा वन्यजीव कायदा आड येत नाही, इच्छाशक्तीचा दुष्काळ आड येतो. दुष्काळ हा शब्द या जिल्ह्याला नवा नाही. पण या दुष्काळाला टँकर लागू पडत नाही.

आमच्या शहरी प्राणिमित्रांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘घोडा नको, उंदीर नको, सिरमच बंद करा’ असा आरडाओरडा वातानुकूलित खोलीतून करणाऱ्याने एक रात्र नेवाशाच्या उसात दारे धरावीत. प्राण्यांविना बनणारी प्रतिविषे येतील. भारतीय विज्ञान संस्थेच्याच शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका मानवी प्रतिपिंडाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, नाग-मण्यारच्या एका प्रकारच्या विषघटकांवर ते चालले. त्याचीही परीक्षा अखेर उंदरावरच झाली. ते औषध खेड्यात पोचायला वर्षे जातील. तोवर घोड्याचे सिरम हाच आधार आहे आणि तो चांगला व्हावा, कमी वेदनेने व्हावा, हीच मागणी शहाण्याची. सगळेच बंद करा म्हणणारा आणि सगळे आहे तसेच चालू द्या म्हणणारा, या दोघांनी मिळून इतकी वर्षे मधली वाट अडवून धरली आहे.

सर्पदंशाचे मृत्यू आणि त्यातून येणारे अपंगत्व निम्म्यावर आणू, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ठरवले, मुदत २०३०. तीच मुदत केंद्राने मार्च २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात घातली. कर्नाटकाने त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवला. नोव्हेंबरमध्ये केंद्राने सर्व राज्यांना तसे करायला सांगितले. आराखडे छापून झाले. आता महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनी उत्तर द्यावे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक खेपेच्या चाचणीत किती उंदीर मेले, त्यांना वेदनाशामक दिले होते का, सहा तासांत निकाल घेतला की चोवीस तास तडफडू दिले, हे खरेदी प्राधिकरण जाहीर करील का? चाचणीचे विष कुठल्या मुलखातले, हे कुपीवर छापले जाईल का? घोणस-फुरशासाठी रक्त गोठण्याची नळीतली चाचणी आधी आणि उंदीर शेवटी, अशी अट भारतीय औषधसंहितेत यावी म्हणून राज्य केंद्राकडे मागणी करील का? इथल्या विषावर तपासलेले नसेल ते सिरम महाराष्ट्र घेणार नाही, असे सांगण्याची धमक आहे का?

धमक असेल तर पुढच्या सिरम-खरेदीच्या निविदेत या अटी घाला. निविदा निघते तेव्हा ती सार्वजनिक कागद असते, आणि ती आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार आहोत. त्यात पुन्हा ‘सर्वांत कमी दर’ एवढीच कसोटी दिसली, तर तिच्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि मंजुरी देणाऱ्या मंत्र्याचे नाव याच जागी, याच टायपात छापले जाईल.